सरकी मुंबईला कशाला पाठवायची?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी, रात्री पावणेदोनला संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतून एका मित्राचा फोन आला. त्याचं छोटं वेंडर युनिट आहे. दुचाकीला लागणारे ब्रॅकेट दाबायचे, वेल्ड करायचे आणि मोठ्या कंपनीला पुरवायचे, हा धंदा. थर्ड शिफ्ट चालू होती. प्रेस धड, माणसं हजर, पत्रा शिल्लक, आणि विशेष म्हणजे वीजही होती. तरी डिस्पॅच ठप्प. मालाच्या प्रत्येक बिनवर, म्हणजे खोक्यावर, क्यूआर कोडचं जे लेबल लागतं ते छापणारं सॉफ्टवेअर क्लाउडवर होतं. म्हणजे मुंबईत की हैदराबादेत, हे त्यालाही नक्की माहीत नव्हतं. वेल्डचे टाके तपासणारे दोन कॅमेरेही फोटो काढून त्याच वाटेनं पाठवायचे आणि पास की रिजेक्ट याचा निकाल मागवायचे. ती वाटच बंद होती. चौकात ड्रेनेजचं काम करणाऱ्या जेसीबीनं केबल उचकटली होती.

मी बजाजनगरला राहतो, दहा मिनिटांत पोहोचलो. हेल्पलाइनवरच्या मुलीनं गोड आवाजात तक्रार क्रमांक दिला होता. गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हर बिडी ओढत बसलेला. सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम होतं. त्याचं हॉटस्पॉट लावून एकेक लेबल छापत आम्ही पहाटे चारला ट्रक काढला. टाके मात्र डोळ्यांनी आणि गेजनं तपासले, कॅमेरे येण्याआधी तपासायचे तसे. केबल सकाळी साडेनऊला जुळली. उशिरापोटी डेबिट नोट आली ती वेगळी.

त्या रात्रीची एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कंपाउंडच्या मागच्या भिंतीपलीकडे, शंभरेक पावलांवर मोबाइलचा टॉवर आहे. खाली बॅटऱ्यांचं कपाट, शेजारी जनरेटर, भोवती कुंपण, कुंपणाला कुलूप. तीनच्या सुमाराला वीजही पाच-सात मिनिटं गेली. आमच्या शेडमध्ये अंधार झाला, माणसं जिथल्या तिथं थांबली, आणि भिंतीपलीकडे जनरेटर कुणी हात न लावता घरघरायला लागला. अख्ख्या गल्लीत वीज, बॅटरी, पहारा आणि दळणवळण यांची चोख सोय असलेली जागा ती एकच. तिथं आमच्या दोन कॅमेऱ्यांपुरता संगणक ठेवायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?

त्यालाच हल्ली एज कम्प्युटिंग म्हणतात. मराठीत कुणी ‘काठावरचं संगणन’ म्हणतं, मला ते बोजड वाटतं. आमच्याकडे त्याला सरळ शब्द आहे: बांधावरचं. खत बांधावर, अधिकारी बांधावर, तसा संगणक बांधावर. टेलिकॉम कंपन्या आता ही सेवा उद्योगांना विकू पाहतायत. त्यांच्या विक्रेत्यांची सादरीकरणं मी पाहिली आहेत. माझं म्हणणं असं की मराठवाड्यात ही सेवा खपवायची असेल तर त्यांनी वेग विकणं सोडून द्यावं आणि न थांबणं विकावं. तेही आमच्या मापानं. मी या वसाहतीत गेली पंधरा-सोळा वर्षं पीएलसी, सेन्सर, राउटर असलं जोडायचं काम करतो. माझं पोटही यावरच आहे, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबानं घ्या.

परभणीकडच्या माणसाला हा विषय समजावून सांगायला मला अर्धं मिनिट लागतं. मानवतला किंवा सेलूला हंगामात जा. शेतकऱ्याचा कापूस गाडीत मावत नाही, एवढा फुगलेला असतो. तो काही कुणी तसाच मुंबईच्या गिरणीला पाठवत नाही. गावाजवळ जिनिंग असतं. तिथं सरकी वेगळी होते, रुई दाबून तिची १७० किलोची गाठ बांधली जाते, आणि गाठी पुढे जातात. साधारण पाच क्विंटल कापसातून एक गाठ. उरलेली सरकी इथल्याच तेलघाणीला आणि जनावरांना. जिनिंग नसतं तर आपण दोन तृतीयांश सरकीचं भाडं भरत बसलो असतो.

कारखान्यातला डेटा याच जातीचा आहे. पाच मेगापिक्सेलचा एक कॅमेरा, सेकंदाला वीस फोटो, प्रत्येक ठिपक्याला एक बाइट धरा. सेकंदाला १०० मेगाबाइट होतात. त्यातली कामाची गोष्ट काय, तर ‘बाराशे तीन नंबरचा ब्रॅकेट, डावीकडचा टाका कच्चा’, एवढी ओळ आणि पुरावा म्हणून एक फोटो. बाकी सगळी सरकी. साधे सीसीटीव्ही घ्या. दाबलेलं चित्र पाठवणारा एक कॅमेरा चार एमबीपीएस खातो असं धरलं, तर वीस कॅमेऱ्यांचे ऐंशी एमबीपीएस, म्हणजे दिवसाला आठशे साठ जीबीच्या वर. एवढं सगळं रोज मुंबईला पाठवायचं, तिथं साठवायचं भाडं भरायचं, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी त्यातली दोन मिनिटं बघायची. याला व्यवहार म्हणत नाहीत.

आता वेगाचं. विक्रेता आला की पहिल्या पाच मिनिटांत मिलिसेकंद काढतो. मुंबई लांब आहे, म्हणून उशीर होतो, म्हणून एज घ्या. हे अर्धसत्य आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. वाळूज ते मुंबई केबलच्या वाटेनं चारशे किलोमीटर धरा, तरी जाऊन-येऊन चार मिलिसेकंद. माझ्या मित्राची प्रेस मिनिटाला चाळीस ठोके मारते, म्हणजे एका ठोक्याला दीड सेकंद. चार मिलिसेकंद वाचवून तो काय त्याची भाजी करणार? जिथं खरोखर मिलिसेकंद मोजावे लागतात, म्हणजे माणसाचा हात प्रेसखाली असताना ती थांबवणं, तिथलं बटण थेट तारेनं जोडलेलं असतं आणि ते तसंच असू द्या. ते काम टॉवरवर सोपवा असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

खरा त्रास उशिराचा नाही, अनिश्चिततेचा आहे. आज निकाल वीस मिलिसेकंदांत येतो, उद्या चारशे, परवा येतच नाही. मोबाइल नेटवर्कमध्ये आणखी एक गंमत असते. तुमच्या शेडमधल्या सिमवाल्या स्कॅनरला शेजारच्या शेडमधल्या सर्व्हरशी बोलायचं असलं, तरी त्याचं बोलणं बहुतेकदा आधी ऑपरेटरच्या मोठ्या केंद्रात, पुण्याला नाहीतर मुंबईला, जाऊन मग परत येतं. भिंतीपलीकडच्या माणसाला निरोप द्यायला पुण्याची एसटी पकडायची. ५जीच्या रचनेत ही वाट मध्येच तोडून डेटा स्थानिक ठिकाणीच उतरवायची सोय आहे, आणि टेलिकॉम कंपनी सोडून दुसरं कुणी ती करू शकत नाही. त्यांच्याकडे विकण्यासारखं जे खास आहे ते हेच. क्लाउड कोणीही विकतो.

केबल तुटण्याचं म्हणाल तर तो आता निसर्गनियम झाला आहे. केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं. खणण्याआधी त्यावर कळवायचं, म्हणजे खाली कुणाची केबल आहे ते समजतं. ॲप चांगलं आहे. आमच्या चौकातल्या जेसीबीच्या ड्रायव्हरला मी त्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, “साहेब, मला मुकादम सांगतो कुठं खणायचं, मोबाइल नाही सांगत.” शेंद्र्याच्या ऑरिक या औद्योगिक शहरात आखणीच नवी, तिथं सगळ्या वाहिन्या जमिनीखाली आखून दिलेल्या जागेतून जातात. वाळूज, चिकलठाणा, जालना इथं मात्र केबल कुठं खांबावरून, कुठं झाडावरून, कुठं गटाराच्या कडेनं. हे पाच वर्षांत बदलेल असं मला वाटत नाही. मग तुटणं गृहीत धरूनच धंदा मांडला पाहिजे, जसं वीज जाणं गृहीत धरून आपण जनरेटर घेतो.

इथं टेलिकॉम कंपन्यांचा हात कुणी धरू शकत नाही. जागा त्यांच्याकडे, अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटऱ्या त्यांच्याकडे, फायबर त्यांची, स्पेक्ट्रम त्यांचा, रात्री-बेरात्री डिझेल घेऊन जाणारी माणसं त्यांची. अर्थात ‘त्यांची’ म्हणताना थोडं सावध राहावं. टॉवर बहुतेकदा सेवा देणाऱ्या कंपनीचा नसतोच. इंडस टॉवर्ससारख्या कंपन्या तो उभारतात आणि एकेका टॉवरवर दोन-तीन ऑपरेटर भाड्यानं राहतात. मी एका विक्रेत्याला भिंतीपलीकडचा तो टॉवर दाखवून विचारलं, “इथं डबा ठेवाल का?” तो हसला. “सर, ती जागा आमची नाही. वरचा अँटेना आमचा.” घर एकाचं, पागोळी दुसऱ्याची. तेव्हा टॉवरच्या पायथ्याशी डबा हे स्वप्न दिसतं तेवढं सोपं नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. ती का नाही ते पुढे येतं.

आधी जगाचा अनुभव. ही कल्पना आजची नाही. युरोपातल्या दूरसंचार प्रमाणन संस्थेनं, एत्सीनं, २०१४ मध्येच यावर गट नेमला होता. जर्मनीच्या डॉइचे टेलिकॉमनं २०१८ मध्ये मोबाइलएजएक्स नावाची वेगळी कंपनीच काढली. जगभरच्या ऑपरेटरांचे एज एकत्र जोडून सॉफ्टवेअरवाल्यांना विकायचे, असा बेत. २०२२ मध्ये ती गूगलनं घेतली. एरिक्सननं आपला एजचा धंदा २०२० मध्येच गुंडाळला होता. मोठमोठी माणसं यात का अडखळली? माझं मत असं की त्यांनी दुकान आधी थाटलं आणि गिऱ्हाईक नंतर शोधलं. स्वयंचलित गाड्या येतील, डोळ्यांवर चष्मे लावून लोक कारखान्यात फिरतील, मग सगळ्यांना एज लागेल, असा हिशेब होता. ज्याचे दोन कॅमेरे रात्री पावणेदोनला आंधळे होतात त्याच्याकडे कुणी गेलंच नाही.

आपल्याकडेही घोषणा झाल्या. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं. त्याच्या आधीच्याच महिन्यात एअरटेल आणि आयबीएमनं २० शहरांतल्या १२० नेटवर्क डेटा सेंटरमधून एज सेवा देण्याचं जाहीर केलं, मारुती सुझुकी ती वापरणार असंही सांगितलं. त्या वर्षाच्या अखेरीस एअरटेल आणि टेक महिंद्रानं महिंद्राच्या चाकणच्या प्लांटमध्ये खासगी ५जी जाळं उभारल्याची बातमी आली. चाकण आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. पण व्यवहाराच्या दृष्टीनं ते दुसरं जग आहे. तिथं एकाच मालकाचा अफाट प्लांट, स्वतःचा आयटी विभाग, खरेदीला वेगळं खातं. वाळूजमध्ये बजाज ऑटो १९८५ पासून आहे, तिच्याभोवती आणि तिच्यामुळे उभी राहिलेली शेकडो छोटी युनिट आहेत. जालन्याला सळईच्या रोलिंग मिल, लातूरला डाळ आणि तेलाच्या गिरण्या. इथं मालक हाच खरेदी अधिकारी, हाच आयटी मॅनेजर, आणि महिनाअखेरीला बँकेत जाणाराही हाच. त्याला चाकणचं पॅकेज छोटं करून दिलं तर ते त्याच्या अंगाला बसत नाही. त्याच्यासाठी वेगळं शिवावं लागतं.

कसं, ते सांगतो. टॉवरागणिक डबा ठेवायचा नाद सोडावा. वसाहतीला एक खोली पुरते. दहा किलोमीटर फायबरला जाऊन-येऊन एक दशांश मिलिसेकंद लागतो, कुणाला कळणारही नाही. वाळूजला एक, चिकलठाणा-शेंद्र्याला एक, जालन्याला एक, लातूरला, नांदेडला. खोलीत सर्व्हरचे दोन रॅक, बॅटरी, जनरेटर, दोन एसी, आणि वसाहतीत दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी जाणारी फायबर. दुसऱ्या रस्त्यावर मी अडून बसेन. दोन केबल एकाच नळीतून टाकून त्याला ‘रिडंडन्सी’ म्हणणारे महाभाग मी पाहिले आहेत. जेसीबीचा पंजा नळ्या मोजत नाही.

आणि त्या खोलीतलं गिऱ्हाइकाला ‘व्हीसीपीयू’ आणि ‘इन्स्टन्स’च्या भाषेत विकू नये. माझ्या मित्राला व्हर्च्युअल मशीन नको आहे. त्याला टाका तपासून हवा आहे आणि लेबल छापून हवं आहे. दर कॅमेऱ्यामागे महिन्याला इतके, दर लेबल प्रिंटरमागे इतके, असं सांगा. तो तोंडी हिशेब करून हो किंवा नाही म्हणेल. अडीचशे पानी करार आणि तीन वर्षांची बांधिलकी समोर ठेवलीत तर तो नम्रपणे “बघून सांगतो” म्हणेल, आणि या वाक्याचा अर्थ संभाजीनगरात सगळ्यांना कळतो.

मधला माणूसही लागेल. टेलिकॉमचा विक्रेता सिम विकण्यात तरबेज असतो, त्याला रोलिंग मिलमधला बिलेट किती तापला की लाल दिसतो हे माहीत नसतं, असायचं कारणही नाही. ते ज्याला माहीत असतं असा एकेक माणूस प्रत्येक वसाहतीत आहे. कुणी पॅनेल बनवतो, कुणी काटे दुरुस्त करतो, कुणी कॅमेरे बसवतो. जालन्याच्या मिलमध्ये इंडक्शन फर्नेसच्या शेजारी वायरलेस कसं नाचतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये कुठल्या कोपऱ्यात सिग्नल मरतो, हे तो डोळे मिटून सांगेल. कंपन्यांनी त्याला हाताशी धरावं, दरमहा मिळणाऱ्या भाड्यात त्याचा वाटा ठेवावा. एकदाच दलाली देऊन मोकळं केलं तर तो जोडणी करून निघून जाईल. दरमहा काही मिळत राहिलं तर रात्री पावणेदोनला फोन उचलेल. चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चर आणि मासिआ या संघटना इथं वर्षानुवर्षं काम करतायत. सुरुवातीला त्यांच्यामार्फत वीस-पंचवीस युनिटांचा गट करून दर ठरवला तर दोघांचाही जीव भांड्यात पडेल.

करारात मला एकच कलम मोठ्या अक्षरात हवं आहे. दर तीन महिन्यांनी, दिवस गिऱ्हाईक ठरवेल, त्या दिवशी वसाहतीबाहेर जाणारी फायबर काढायची आणि आतलं काम चालू राहतं का ते सगळ्यांसमक्ष बघायचं. आगीच्या बंबाची चाचणी घेतो तशी. हे मी उगाच म्हणत नाही. यात तांत्रिक ग्यानबाची मेख आहे. कंपनी डेटा उतरवायची सोय वसाहतीत करते, पण कोणतं सिम खरं, कोणाला आत घ्यायचं, हे ठरवणारा मेंदू मोठ्या शहरातच ठेवते. रोजच्या दिवशी काहीच फरक जाणवत नाही. केबल तुटली की आधीपासून जोडलेली यंत्रं काही वेळ चालतात, आणि एखादा स्कॅनर बंद करून परत चालू केला की तो बाहेर. मग ‘एज’ घेऊनही लेबल अडकलेलंच. मेंदूची एक प्रत वसाहतीत ठेवता येते, तसं तंत्र आहे, त्याला पैसे पडतात. म्हणूनच ते विचारून, करून घेऊन, काढून बघावं लागतं. ‘९९.९ टक्के’ हा आकडा कागदावर भारी दिसतो. वर्षाच्या ८,७६० तासांत तो पावणेनऊ तासांची सुट्टी देतो, आणि ती सुट्टी कोणत्या रात्री घ्यायची हे जेसीबी ठरवतो.

याला एक सडेतोड आक्षेप आहे आणि तो मीच घेतो: मालकानं आपल्या पॅनेल रूममध्ये स्वतःचा एक बरा पीसी का ठेवू नये? ठेवावा. दोन-चार स्थिर कॅमेरे, एक प्रिंटर, एवढंच काम असेल तर टेलिकॉम कंपनीला महिन्याला भाडं देण्याची काही गरज नाही. मी स्वतः असे पीसी बसवून दिले आहेत. पण त्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलं आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, पॅनेल रूममध्ये त्याहून जास्त, त्यात ग्राइंडिंगची धूळ. बॅकअप घेणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला जातो, पासवर्ड सोबत घेऊन. दोन वर्षांनी हार्ड डिस्क बसते आणि मग कळतं की ट्रेसेबिलिटीचा, म्हणजे कोणता नग कधी बनला याचा, डेटा तेवढा एकाच ठिकाणी होता. शिवाय जे हलतं, फोर्कलिफ्ट, यार्डातले ट्रक, दोन-तीन शेडमध्ये विखुरलेला माल, त्याला वायर लावता येत नाही. तिथं टेलिकॉमची सेवा पीसीवर मात करते. कंपन्यांनी हा फरक प्रामाणिकपणे सांगितला तर त्यांचं अर्धं गिऱ्हाईक जाईल आणि उरलेलं अर्धं वर्षानुवर्षं टिकेल.

धोरणाची एक बाजू इथं दडपून चालणार नाही. जून २०२२ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं कारखान्यांच्या खासगी जाळ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. उद्योगांना ऑपरेटरकडून स्पेक्ट्रम भाड्यानं घेता यावा किंवा सरकारकडून थेट मिळावा, अशी तरतूद त्यात होती. थेट देण्याला टेलिकॉम कंपन्यांच्या संघटनेनं उघड विरोध केला: आम्ही लिलावात कोट्यवधी मोजायचे आणि उद्योगांनी तेच स्वस्तात घ्यायचं का? त्यांचा मुद्दा रास्त आहे, लिलावाचं ओझं खरं आहे. पण मग त्याची दुसरी बाजूही त्यांनी उचलली पाहिजे. विहीर तुमची, दुसऱ्याला खणू द्यायची नाही, तर मोट तुम्ही चालवली पाहिजे. ज्या वसाहतीत ऑपरेटर ठरावीक मुदतीत मागेल त्याला अशी सेवा देत नाहीत, तिथं उद्योगांच्या गटाला तेवढ्या जागेपुरता थेट स्पेक्ट्रम द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. चाकणला हा प्रश्न पडणारही नाही. तो जालन्याला, उदगीरला पडणार आहे, जिथं ऑपरेटरच्या नकाशावरचा ठिपका सगळ्यात शेवटी रंगतो.

बीएसएनएलबद्दल बोलताना आमच्या पिढीचा आवाज जरा हळवा होतो, तो आवरून सांगतो. जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी त्यांची एक्स्चेंजची इमारत आहे. जाड भिंती, उंच छत, बॅटरी रूम, केबल उतरवायचे खड्डे, गावाच्या मध्यावर जागा. जुनी यंत्रं खोल्या व्यापायची, नवी एका कपाटात मावतात. त्यामुळे मजलेच्या मजले मोकळे पडले आहेत. माणसंही गेली: ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात ७८ हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले. एज रूमसाठी याहून बरी तयार जागा मराठवाड्यात शोधून सापडायची नाही. खासगी ऑपरेटरांनी, वसाहतींच्या गटांनी ती भाड्यानं घ्यावी, बीएसएनएलनं ती दोन-दोन वर्षं फाइल न फिरवता द्यावी. सप्टेंबर २०२५ पासून त्यांचं देशी बनावटीचं ४जी चालू झालं आहे, तेव्हा ते स्वतःही यात उतरू शकतात. उतरतील का, यावर मी पैज लावणार नाही.

आता साखर कारखाना. मराठवाड्यात एजला सगळ्यात सुपीक जमीन कुठं असेल तर ती इथं आहे, आणि टेलिकॉमच्या सादरीकरणात तिचा उल्लेखही नसतो. कारखाना गावाबाहेर, माळावर. फायबर पोचलेली असली तर एकच, तीही ट्रॉल्यांच्या रस्त्याकडेनं. हंगाम चार-पाच महिन्यांचा, पण त्या महिन्यांत रात्रंदिवस गाळप. यार्डात ट्रॅक्टर, ट्रक, टायरगाड्यांची रांग. ऊस तोडून जितका वेळ उन्हात राहील तितकं वजन घटतं आणि उतारा पडतो. ‘काटा मारतात’ ही शेतकऱ्याची तक्रार माझ्या आजोबांच्या काळापासून आहे, खरी-खोटी प्रत्येक कारखान्याची वेगळी. काट्यावर गाडी चढली की कॅमेऱ्यानं नंबर वाचावा, वजन त्याच क्षणी जागेवर नोंदावं, मागून कुणाला बदलता येणार नाही असं कुलूप त्याला लागावं आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर पावती जावी. हे क्लाउडवर चालवलं आणि नेट गेलं, तर काटा बंद ठेवता येत नाही, कारण ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडते. मग वजनं वहीत लिहायची. आणि वहीत लिहिलेलं नंतर चढवताना काय काय होऊ शकतं, ते ऊस घालणाऱ्या कुणालाही विचारा. इथं जागेवरचा संगणक ही चैन नाही, तो शेतकरी आणि कारखाना यांच्यामधला साक्षीदार आहे.

मात्र त्याचं भाडं बारा महिन्यांचं लावून चालणार नाही. ऊसतोड मुकादमापासून गाडीवाल्यापर्यंत या धंद्यात सगळ्यांचा करार हंगामाचा असतो. टेलिकॉमनंही हंगामी दर काढावा. गव्हाण पूजनाच्या आधी गाडीवर बसवलेला छोटा रॅक आणून उभा करावा, पट्टा पडला की घेऊन जावा, आणि उन्हाळ्यात तोच लातूर-उदगीरच्या डाळमिलना द्यावा. फिरतं हार्वेस्टर चालतं, फिरती मळणी चालते, मग फिरता सर्व्हर का चालू नये?

जाता जाता एक. एजच्या जोडीनं आपल्याकडे मोठी डेटा सेंटर आणा, अशी मागणी पुढाऱ्यांच्या भाषणात ऐकू येते. जरा दमानं घ्या. असली मोठी केंद्रं थंड ठेवायला अनेक ठिकाणी प्रचंड पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी मागवलेला लातूर जिल्हा आपलाच आहे. दोन रॅकची खोली एसीवर भागते, नळाला तोंड लावत नाही.

माझ्या मित्राकडे टेलिकॉमचा माणूस दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्यानं रोबोटचा व्हिडिओ दाखवला. दुसऱ्यांदा मित्रानं त्याला विचारलं, “केबल मी माझ्या हातानं काढली तर लेबल छापेल का?” त्यानं वहीत लिहून घेतलं, वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन नाही.

मग दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक वापरलेला पीसी घेतला, ग्राफिक्स कार्ड टाकलं, कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर आणि लेबलचं काम त्यावर उतरवलं. पॅनेल रूममध्ये पत्र्याच्या कपाटात तो ठेवला आहे, समोर टेबल फॅन. हे काही बरं काम नाही, मला माहीत आहे. मेमध्ये तो किती टिकतो याची मला धास्ती आहे. गेल्या महिन्यात त्याच चौकात पुन्हा खणलं, केबल पुन्हा गेली, चाळीस मिनिटं. शेडमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नाही. लीज लाइनचं बिल मात्र महिनाअखेरीला पूर्ण आलं, आणि मित्रानं या खेपेला ते भरताना मला विचारलं, पुढच्या वर्षीपासून अर्ध्या वेगाची लाइन घेतली तर चालेल ना.